रस्त्यावरचा कुत्रा घरी देण्याआधी त्याचा स्वभाव कसा पारखावा

जून लागला की गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामापुरती उभारलेली खाणावळी, उतरवतात आणि पर्यटकांच्या ताटातले खाऊन वाढलेली कुत्री उपाशी पडतात. मोरजीपासून पाळोळेपर्यंत दर पावसाळ्यात त्यांतली काही कोणीतरी घरी उचलून आणतो आणि लगेच फोटो फिरू लागतात: 'अतिशय गोड, मुलांसोबत छान, घर हवे.' मुलांसोबत त्याला कोणी पाहिलेले असते का? बहुतेक वेळा नसते. असा कुत्रा महिन्याभरात कोणाला चावला तर त्या घराचे नुकसान होते, आणि कुत्र्याचे त्याहून जास्त, कारण चावरा ठरलेल्या कुत्र्याला दुसरे घर सहसा मिळत नाही.

आधी डॉक्टर

दुखणाऱ्या अंगाचा कुत्रा हात लावताच गुरगुरतो. कान पिकलेला आहे का, कंबरेला मार आहे का, त्वचेला खरूज आहे का, हे पशुवैद्याकडून पाहून घ्या. गोचीड-ताप तर उलटा फसवतो. तापाने मरगळलेला कुत्रा आपल्याला 'शांत' वाटतो आणि औषध लागू पडल्यावर त्याचा खरा जोर दिसतो. नसबंदीची जखम भरेपर्यंतही कोणताही निष्कर्ष काढू नका.

रेबीजची लस द्याच. गोवा 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले, तरी अनोळखी कुत्र्याबाबत ढिलाई परवडणारी नाही. तो चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा, त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा आणि कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवा. लाळ गळणे, गिळता न येणे, अचानक पिसाळल्यासारखे वागणे, यांपैकी काही दिसले तर पारख बाजूला ठेवा. त्याच्याजवळ न जाता लगेच पशुवैद्याला कळवा.

मग त्याला स्थिरावू द्या

पहिल्या काही दिवसांत दिसते ती भीती. एक कोपरा, ठरलेल्या वेळी जेवण आणि एकच सांभाळणारा माणूस, एवढे पुरे. माझे मत स्पष्ट आहे: पिंजऱ्यात अर्ध्या तासात घेतलेल्या चाचणीवर कुत्र्याचे भवितव्य ठरवू नये. एखाद्या घरात किमान दोन-तीन आठवडे ठेवून रोज निरीक्षण करावे.

रोजच्या जगण्यात पाहा

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो, मागून मासळीवाली येते, पावसात रेनकोट-हेल्मेट घातलेला माणूस फाटकाशी थांबतो. शेजारी कोंबड्या आणि मांजरे असतातच. यांतले एकेक लांबून, दोरी हातात ठेवून दाखवा. तो भुंकला एवढ्यावर थांबू नका. किती वेळात सावरला, हाक मारल्यावर तुमच्याकडे वळला का, हे जास्त महत्त्वाचे.

अंग बोलते ते वाचायला शिका. ओठ चाटणे, भलत्या वेळी जांभई, तोंड फिरवणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणे ही अस्वस्थता आहे. अंग ताठ होऊन तो एकदम थिजला तर लगेच मागे व्हा. गुरगुरल्याबद्दल कधीही मारू किंवा ओरडू नका. गुरगुरणे ही त्याने दिलेली सूचना असते. ती मार देऊन बंद केली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल.

जेवणाच्या भांड्यात हात घालून 'बघूया' म्हणणे हा आपल्याकडचा आवडता प्रयोग. तो सोडा. जाता जाता लांबून भांड्यात मासळीचा तुकडा टाका. मान वर करून शेपटी हलवतो, की भांड्यावर ओणवा होऊन भराभर गिळतो, ते पाहा. निवाऱ्यात अन्नावर गुरगुरलेली कित्येक कुत्री घरी तशी वागत नाहीत, म्हणून एका प्रसंगावरून शिक्का मारू नका. आणि पारखण्यासाठी लहान मूल कधीही कुत्र्यासमोर उभे करू नका.

फटाके मुद्दाम वाजवू नका. चतुर्थीला किंवा दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री तो कसा वागला तेवढे टिपून ठेवा. त्या आठवड्यात कुत्रा नव्या घरी देऊही नका.

लिहा, काही लपवू नका

तारीख, काय घडले, आधी काय झाले होते, तो कसा सावरला, हे सगळे वहीत उतरवा. चावला असेल तर जखमेचे नेमके वर्णन हवे. पशुवर्तनतज्ज्ञ इयान डनबार यांची 6 पायऱ्यांची मोजपट्टी इथे उपयोगी पडते. पहिल्या दोन पायऱ्यांत दात कातडीत रुतलेले नसतात, तिसरीत उथळ खुणा, चौथीपासून खोल जखमा. चौथ्या पायरीचा चावा घेतलेला कुत्रा मुले असलेल्या घरात देऊ नये. त्याच्याबाबत पशुवैद्य आणि अनुभवी प्रशिक्षक यांच्याशी बसून ठरवा.

सगळ्यांनाच घर मानवते असेही नाही. माणसाच्या स्पर्शाने आक्रसणारा, पण आपल्या वस्तीत कोणाच्या वाटेला न जाता जगणारा कुत्रा 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरणानंतर त्याच जागी परत सोडता येतो. तिथे त्याला रोज खाऊ घालणारे कोणी आहे, याची आधी खात्री करा.

घर जुळवा

घेणाऱ्यांना विचारा: आवाराला कुंपण आहे का? घरात चालताना तोल जाणारे वृद्ध आहेत का? दिवसभर बाहेर असता का? परदेशी जायचा बेत आहे का? भाड्याचे घर असेल तर मालकाचा होकार लेखी घ्या. वहीची प्रत त्यांच्या हाती द्या, त्यातला वाईट भाग आधी वाचून दाखवा. जमले नाही तर कुत्रा तुमच्याकडेच परत येईल, हे कागदावर लिहून घ्या. पहिला आठवडा रोज फोन करा, नंतर महिनाभर अधूनमधून.