त्रिकोणाचे कोन : या चुका टाळा

दहावीपर्यंत पोचलेली मुलंसुद्धा त्रिकोणात गुण घालवतात ते अवघड प्रमेयांपायी नाही. कोनमापक उलटा वाचतात, वर वजाबाकीची घाई करतात.

कोनमापकावर अंकांच्या दोन ओळी असतात. कोनाची जी भुजा आधाररेषेवर ठेवली, तिच्यावर ज्या ओळीचं शून्य येतं तीच ओळ वाचायची. शिकवणीतल्या एका मुलानं ७० अंशांचा कोन ११० वाचला. दुसरा ४० बरोबर मोजला. तिसरा मोजायचे कष्ट कोण घेणार? १८० मधून वजाबाकी, उत्तर ३०. बेरीज चोख, पठ्ठ्या खूश! आकृतीत मात्र ३० चा कोन ४० च्या कोनाहून ढळढळीत मोठा, आणि ११० म्हणून मिरवणारा सरळसरळ लघुकोन. खरे कोन ७०, ७०, ४०. वजाबाकीनं पहिली चूक झाकली आणि दुसरी जन्माला घातली.

म्हणून मोजायचंच तर तिन्ही कोन मोजा. बेरीज १७९ किंवा १८१ आली तर बिघडत नाही, पेन्सिलच्या रेघेला जाडी असते. अख्ख्या वर्गाचं नेमकं १८० आलं की मला संशय येतो. माझी सवय अशी : आधी कोनावर कागदाचा कोपरा ठेवून काटकोनाहून लहान की मोठा ते बघायचं, आत बारीक 'ल' (लघुकोन) किंवा 'वि' (विशालकोन) लिहायचं, मग कोनमापक. मुलांना हे बाळबोध वाटतं. वाटू दे.

सिद्धतेत मात्र कोनमापक कंपासपेटीतच राहू द्या. कोन काटकोनासारखा दिसतो म्हणून ९० धरायचा नाही.

'समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन ४० अंश, उरलेले सांगा.' इथे ७०-७० लिहून पेन खाली ठेवणारे फार. ४० हा पायाचा कोन असेल तर ४० आणि १००, तेही लिहा. १०० दिला असता तर उत्तर एकच, कारण पायाचे दोन्ही कोन १०० होऊच शकत नाहीत.

बाह्यकोन, म्हणजे एक बाजू पुढे वाढवली की बाहेर होणारा कोन, दोन दूरस्थ (त्याला न लागलेल्या) आंतरकोनांच्या बेरजेएवढा. लगतचा त्यात घ्यायचा नाही.

कोन अबक म्हटलं की शिरोबिंदू ब.

आणि 'बाबाको' (बाजू-बाजू-कोन) नावाची एकरूपतेची कसोटी नाही. बाजू ८ सेमी आणि ५ सेमी, ५ सेमीच्या समोरचा कोन ३० अंश, अशी रचना करून बघा. ५ सेमीचा कंस समोरच्या किरणाला दोन ठिकाणी छेदतो आणि दोन वेगळे त्रिकोण मिळतात.