पीएलएचा रिग्राइंड वापरताय? आधी या चुका टाळा

"पीएलए किती वेळा रिसायकल होतं हो?" असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला: वाळवता कसं? समोरचा बहुतेक वेळा गप्प. पीएलए हे साखरेपासून बनणारं प्लास्टिक. त्याचा दळून पुन्हा वापरायचा चुरा, म्हणजे रिग्राइंड, किती फेऱ्या झाल्या यापेक्षा दर फेरीत तुम्ही त्याचे काय हाल केलेत, यावर बिघडतो.

सगळ्यात मोठी चूक ओला माल चालवण्याची. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणाऱ्या या प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या एस्टर बंधांनी जोडलेल्या असतात आणि तापलेल्या बॅरलमध्ये, म्हणजे माल वितळवणाऱ्या नळीत, पाण्याचा एक रेणू एक बंध तोडतो. दाणा बनवणारेही ओलावा २५० पीपीएमच्या खाली ठेवा म्हणतात, म्हणजे किलोमागे पाव ग्रॅम पाणी. साखळीचा सरासरी रेणुभार एक लाख धरला आणि हे सगळं पाणी कामी आलं, तर साखळ्यांची संख्या दुपटीच्या वर जाते, लांबी निम्म्याहून कमी उरते. बॅरलमधल्या थोड्या वेळात एवढं होत नाही. पण पावसाळ्यात उघड्या पोत्यात पडलेल्या चुऱ्यात याच्या कितीतरी पट पाणी असतं.

भोसरीतल्या एका शॉपमध्ये क्लिपांचा जॉब चालू होता. रनर, म्हणजे साच्याच्या वाटांमध्ये गोठलेलं प्लास्टिक, दळून परत हॉपरमध्ये, मशीनच्या माल ओतायच्या भांड्यात. ड्रायर एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकच्या सेटिंगवर, ८० अंशांवर. आता रनर झटकन थंड होतो, त्यात स्फटिक बनायला वेळच मिळत नाही. असं पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. व्हायचं तेच झालं: चुरा चिकटून हॉपरमध्ये अख्खा ढेकूळ, छिन्नी-हातोडीनं फोडून काढावा लागला. यावर सुपरवायझरचा तोडगा काय? ड्रायरच बंद! जुलै महिना. दुपारपर्यंत पार्टला फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून निसटलेला पापुद्रा, यायला लागला, पठ्ठ्यानं प्रेशर उतरवलं आणि वर खुशीत म्हणाला, "आज माल मस्त वाहतोय." वाहणारच, साखळ्या तुटल्यात ना! पॅकिंगला बसलेल्या बायकांच्या हातात क्लिपा कटाकट मोडायला लागल्या तेव्हा कुठे मशीन थांबलं.

माझी पद्धत साधी आहे. चुरा ट्रेमध्ये पातळ पसरायचा, ओव्हन शंभरच्या आसपास, आणि तो दुधी पांढरा होईपर्यंत हलवत राहायचं. तिथून हलायचं नाही, चहाही तिथंच मागवायचा. स्फटिक बनले की मग ८० अंशांवर बिनधास्त वाळवा, गोळा होत नाही. तेही डीह्युमिडिफायिंग ड्रायरमध्येच, कारण साधा हॉट एअर ड्रायर पावसाळ्यात बाहेरचीच दमट हवा तापवून आत सोडतो. ओव्हन नसेल तर त्याच ड्रायरमध्ये ४५-५० अंशांवर रात्रभर ठेवा. घाई असेल तर व्हर्जिन, म्हणजे कोरा माल, वापरा, रिग्राइंडच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी चूक टेन्साइल रिपोर्टमधल्या, म्हणजे ओढून तोडायच्या चाचणीतल्या, फक्त ताकद आणि ताठपणाच्या आकड्यांवर विसंबण्याची. त्या क्लिपांचे हे आकडेही ठीकठाकच होते! पीएलए पुन्हा पुन्हा वितळवलं तरी ताठपणा, म्हणजे मोड्युलस, फारसा हलत नाही. साखळ्या आखूड झाल्या की सहज हलतात, स्फटिक लवकर धरतात. आधी जातो तो चिवटपणा: तुटण्यापूर्वी किती लांबतो ते आणि इम्पॅक्ट, म्हणजे धक्का सोसण्याची ताकद. म्हणून मी एमएफआय, म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो तो आकडा, बघतो, व्हर्जिनच्या शेजारी ठेवून. आकडा वाढला की साखळी तुटली. पण नमुना आधी वाळवा, नाहीतर चाचणीच माल बिघडवते आणि तुम्ही ऑपरेटरला बोल लावत बसता.

शंभर टक्के रिग्राइंडचा हट्ट सोडा. दर वेळी २० टक्केच मिसळलात तर फीडमध्ये दोनदा किंवा जास्त वेळा वितळलेला माल ४ टक्के, तीनदा किंवा जास्त ०.८ टक्का. जुना माल आपोआप विरळ होत जातो.

चेन एक्स्टेंडर, म्हणजे तुटलेल्या साखळ्या जोडणारं रसायन, हा वाळवणीला पर्याय नव्हे. एपॉक्सी गट तुटलेली टोकं जोडतात खरे, पण साखळीला फांद्या फुटतात. जास्त झालं तर जेलचे दाणे नोझलला अडकतात. नवशिक्यांना हा डबा फार आवडतो.

जेवायला जाताना बॅरल गरम आणि भरलेलं ठेवू नका, आत पडून साखळ्या तुटत राहतात.

पीईटीच्या, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकच्या, पोत्यात पीएलए जाऊ देऊ नका. पाण्यात दोन्ही बुडतात, त्यामुळे टाकीत वेगळे होत नाहीत. पीईटी वितळतं २५० च्या पुढे, तोवर पीएलएची वाट लागते.

पीएचबीला, म्हणजे जिवाणू बनवतात त्या प्लास्टिकला, पीएलएचे नियम लावू नका. ते १७५ च्या आसपास वितळतं आणि जरा वर गेलं की, कोरडं असलं तरी, तुटायला लागतं.

उसाच्या इथेनॉलपासूनचं बायो-पीई मात्र रसायन म्हणून साधं पीईच, म्हणजे पॉलिथिनच, आहे, ते पीईबरोबरच फिरवा. 'बायो' वाचून पीएलएच्या ढिगात टाकणारे महाभाग मी पाहिलेत.

आणि पिवळा पडलेला माल काळ्या मास्टरबॅचखाली, म्हणजे रंगाच्या दाण्यांखाली, लपवू नका. रंग लपतो, क्लिप तरीही मोडते.