टेकडीवरची घाणेरी काढायची तर

परकं तण काढायला निघालात तर आधी कुठून सुरुवात करायची ते ठरवा. आमच्या पुण्यातल्या पाषाण-बावधनकडे जो तो पाषाण तलावातल्या जलपर्णीपासून सुरू करतो. ती डोळ्यांत भरते आणि फोटोही चांगला येतो. पण जलपर्णी सांडपाण्यावर पोसते, उन्हाळ्यात पंधरा दिवसांत दुप्पट होते. वरून मैलापाणी येतंय तोवर हातानं काढून ती संपणार नाही. ते काम यंत्राचं. तुमच्या-माझ्या हातानं होणारं काम टेकडीच्या उतारावर आहे, जिथले ओहोळ रामनदीला मिळतात. रामनदी या तलावातून सोमेश्वरवाडीवरून पुढे मुळेला जाते, म्हणजे उतारावरची माती शेवटी तलावात नाहीतर नदीतच जाते.

ही माती धरून ठेवतात गवताची मुळं. घाणेरी म्हणजे लँटाना, परकं झुडूप. तिच्या जाळीखाली ऊन पोचत नाही, गवत मरतं. गाजर गवत नि रानतुळस ही बाकीची तणं पावसाळ्यात माजतात आणि उन्हाळ्यात वाळून जातात. मग वळवाचा पहिला सडाका थेट उघड्या मातीवर पडतो. म्हणूनच माझा एक हट्ट आहे: जेवढ्या जागेवर यंदाच गवत लावणं जमेल, तेवढीच जागा साफ करायची. अख्खा उतार एका रविवारी चकाचक करणाऱ्या उत्साही मंडळींची मला तणापेक्षा जास्त भीती वाटते.

टेकडी बहुतेक ठिकाणी वनखात्याची आहे, तेव्हा परवानगी आधी घ्या. गिरिपुष्पाला (ग्लिरिसिडियाला) तर हातच लावू नका. परकं असलं तरी ते झाड आहे, त्याचा निर्णय खात्यानं घ्यायचा.

गाजर गवत जूनच्या शेवटी, जुलैत काढा. जमीन भिजलेली असते, रोप गुडघ्याएवढंही झालेलं नसतं, मुळासकट अलगद येतं. पांढरी फुलं दिसायला लागली की उशीर झाला. एका झाडाला १५ ते २५ हजार बिया धरतात. फुलाआधीचं खुशाल कंपोस्टमध्ये टाका, फुलावर आलेलं नको. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल हवाच. त्यानं अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्रास होतो. (देशात या गवताची ठळक नोंद पहिल्यांदा १९५०च्या दशकात झाली ती पुण्यातच. पहिलेपणाची हौस आपल्याला आहेच.)

घाणेरीचं तंत्र वेगळं. नुसती कोयत्यानं छाटली तर बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. आधी जाळीत बघा: बुलबुलाचं घरटं असेल तर ती जाळी महिनाभर तशीच सोडा. आत शतावरी, गुळवेल, बोराचं रोप असतंच, त्यांना चिंधी बांधून ठेवा, नाहीतर कोयता त्यांनाही सोडत नाही. मग फांद्या छाटून बुंधा मोकळा करा आणि टिकावानं बोटभर-दोन बोटं माती उकरा. खोड संपून मूळ सुरू होतं तिथे एक गाठाळ भाग असतो. कुदळीचा घाव त्याच्या खाली. गड्डा वर काढून मुळं आकाशाकडे करून दुसऱ्या झुडपावर टाकून ठेवा, मातीला टेकला तर परत रुजतो. खोलवर गेलेली मुळं खणत बसू नका. त्यानं उतारच भुसभुशीत होतो आणि ज्यासाठी आलो तेच वाहून जातं. छाटलेल्या फांद्या ओहोळात न टाकता उताराला आडव्या रचा, माती अडते.

साफ केलेल्या पट्ट्यात लगेच मारवेल गवताचे ठोंब लावा, वीतभर अंतरानं, पाऊस चालू असतानाच. शेजारच्या दाट गवतातून कडेकडेचे चार-चार ठोंब काढले तर तिथलं काही बिघडत नाही. पवन्या गवताचं बी दसरा-दिवाळीच्या सुमारास ओरबाडून कापडी पिशवीत ठेवा आणि पुढच्या मे अखेरीस फेका. कुसळीचं बी मी घेत नाही, ते आपणहून माझ्या पायमोज्यांतून सगळीकडे जातं.

पक्षी घाणेरीची फळं खाऊन बाभळीवर, तारांवर बसतात, त्यामुळे नवी रोपं नेमकी त्यांच्याखाली उगवतात. सप्टेंबरात फक्त तेवढ्याच जागा फिरून या. चिमटीत येणारं रोप तेव्हा दोन बोटांनी निघतं, पुढच्या वर्षी त्यालाच टिकाव लागतो.