जेट इंधनातलं तांबं: नमुना घेण्यापासून चाचणीपर्यंत

माहुलच्या रिफायनरीतून सहार विमानतळाला पोचेपर्यंत एटीएफ, म्हणजे जेट इंधन, अनेक व्हॉल्व्ह आणि नळ्यांतून जातं. त्यात कुठे पितळ, कांसं किंवा गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर आधी तो काढा. तांबं सगळ्यात घातक. अब्जात काही भाग विरघळलं तरी तापलेल्या इंधनातले पेरॉक्साइड झपाट्याने फुटतात, डिंक धरतो, आणि इंजिनाचे नोझल व हीट एक्स्चेंजर चोंदतात. जस्त आणि लोखंडही त्रास देतात, पण इतका नाही.

नमुना इपॉक्सी लावलेल्या डब्यातच घ्या. आधी त्याच इंधनाने तीनदा विसळा. नमुन्याचा नळ स्टेनलेसचाच हवा. मुंबईच्या दमट हवेत पितळी नळावर हिरवट थर चढतो, आणि तोच डब्यात उतरला तर चांगलं इंधनही नापास होतं.

जेएफटीओटी चाचणीत इंधन तापलेल्या धातूच्या नळीवरून आणि फिल्टरमधून सोडतात आणि किती थर धरतो ते बघतात: २६० अंश सेल्सिअस, मिनिटाला ३ मिलिलिटर, १५० मिनिटं. फिल्टरवरचा दाबफरक २५ मिलिमीटर पाऱ्याच्या आत आणि नळीवरच्या थराच्या रंगाची श्रेणी ३ च्या खाली हवी. मोरपंखी छटा दिसली तरी नापास.

मेटल डिअॅक्टिव्हेटर (विरघळलेल्या धातूला निष्प्रभ करणारं रसायन) पहिल्यांदा घालताना लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत, एकूण ५.७ च्या वर नाही. तो तांब्याला जखडतो, पण पितळी भाग तसाच ठेवलात तर पुढच्या खेपेला तेच.