महिन्याभरात जास्तीत जास्त जातींचे पक्षी कॅमेऱ्यात टिपायचे असतील तर

रोज त्याच वाटेने फिरलं की आठवड्याभरात नवे पक्षी दिसेनासे होतात. लांब जाण्यापेक्षा अधिवास, म्हणजे पक्षी राहतात त्या जागेचा प्रकार, बदला.

१. एक सकाळ पाणथळ जागी, पुढची गवताळ माळावर, मग दाट झाडीत. सूर्योदयानंतरचे दोन तास चुकवू नका.

२. फळांनी लगडलेलं झाड किंवा पाण्याचं डबकं सापडलं की तिथेच अर्धा तास शांत बसा. पक्ष्यामागे धावण्यापेक्षा हे कितीतरी फळतं.

३. नवा पक्षी दिसताच आधी ओळखीपुरता फोटो घ्या, चोच आणि पंखांवरच्या खुणा दिसतील असा. देखणा फोटो नंतर. उडत्या पक्ष्यासाठी कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/२००० सेकंद ठेवा.

घरट्याजवळ मात्र जाऊ नका. घाबरलेले पक्षी अंडी-पिल्लं टाकून जाऊ शकतात.