एका सेलचा व्हेप रोजच्या वापरासाठी कसा पारखावा

भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवण या सगळ्यांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पुढचे विवेचन महाराष्ट्रात बसून खरेदी करण्यासाठी नाही. ते आहे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या अशा प्रौढ वाचकासाठी, ज्याला वर्षानुवर्षांची सिगारेट सोडायची आहे आणि त्यासाठी व्हेपचा, म्हणजेच ई-सिगारेटचा, आधार घ्यायचा आहे. तिथली सरकारी आरोग्यसेवा धूम्रपान करणाऱ्यांना हा मार्ग सुचवते. मात्र तो सिगारेटपेक्षा कमी हानिकारक आहे, निर्धोक नाही, हेही तीच सेवा सांगते. निकोटिनची सवय लागते. ज्याने कधी सिगारेट ओढलेली नाही, त्याने या वाटेला जाण्याचे काहीच कारण नाही.

१ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद झाली आणि अनेकांना प्रथमच भरता येणारे, चार्ज करता येणारे उपकरण निवडण्याची वेळ आली. यातला एक सुटसुटीत प्रकार म्हणजे एका बदलता येणाऱ्या सेलवर चालणारा, खिशात मावणारा व्हेप. दुकानात तो दाखवताना विक्रेता बहुधा खोक्यावरचा वॅटचा आकडा आधी सांगतो. माझ्या मते पाहण्याच्या गोष्टींत तो आकडा सर्वांत शेवटी येतो. रोजच्या वापरात उपकरणाचा खरा कस लागतो तो आतल्या सेलवर, त्या सेलला धरून ठेवणाऱ्या झाकणावर आणि सेल उतरू लागल्यावर चिप, म्हणजे सेलचा प्रवाह सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक मंडळ, कशी वागते यावर.

सेलपासून सुरुवात करू. सर्वाधिक चालणारा सेल १८६५० या नावाने ओळखला जातो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी असा त्या नावाचा अर्थ. त्याचा मोठा भाऊ २१७००, म्हणजे २१ बाय ७० मिलिमीटर. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट देतो, आणि बहुतेक उपकरणे ३.२ व्होल्टच्या आसपास ‘सेल संपला’ म्हणून थांबतात. हे दोन आकडे लक्षात ठेवले की खोक्यावरचा दावा घरबसल्या तपासता येतो. ज्या उपकरणात वॅट ठरवून देणारी चिप असते, तिथे सेलमधून किती अँपिअर प्रवाह ओढला जाईल हे कॉइलच्या (द्राव तापवून त्याची वाफ करणाऱ्या, कापसात बसवलेल्या तारेच्या) रोधावर अवलंबून नसते, तर लावलेल्या वॅटवर आणि सेलच्या उरलेल्या व्होल्टवर असते. वॅटला सेलच्या सर्वांत कमी व्होल्टने भागावे आणि चिपमध्ये दहा टक्के ऊर्जा वाया जाते असे धरून पुन्हा ०.९ ने भागावे. ६० वॅटला उत्तर येते सुमारे २१ अँपिअर. ८० वॅटला सुमारे २८. १५ वॅटला जेमतेम ५.

आता सेलची क्षमता पाहा. या क्षेत्रात बऱ्याच काळापासून वापरात असलेला सॅमसंगचा २५आर हा सेल सलग २० अँपिअरपर्यंत प्रवाह देण्यासाठी बनवलेला आहे आणि त्याची साठवण २५०० मिलिअँपिअर-तास आहे. त्याच कंपनीचा ३०क्यू ३००० मिलिअँपिअर-तास साठवतो, पण त्याची सलग प्रवाहाची मर्यादा १५ अँपिअर आहे. साठवण वाढली की प्रवाहाची ताकद सहसा घटते. म्हणजे एका १८६५० सेलच्या उपकरणावर ‘८० वॅट’ असे छापलेले असेल, तर तो आकडा चिप गाठू शकते एवढाच त्याचा अर्थ. सेलला तो रोज झेपेल, असा नव्हे. एका १८६५० वर ४० वॅटच्या वर नेहमी जायचे नाही, असे मी स्वतःपुरते ठरवले आहे, आणि त्याहून जास्त हवे असणाऱ्याने सरळ २१७०० चे उपकरण पाहावे.

दिवस निघेल का, याचाही हिशेब असाच करता येतो. २५०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलमध्ये साधारण ९ वॅट-तास ऊर्जा असते आणि चिपचा तोटा वजा जाता ८ उरते. तीन सेकंदांचा एक झुरका १५ वॅटला घेतला तर सुमारे साडेसहाशे झुरके मिळावेत, ४० वॅटला सुमारे अडीचशे. प्रत्यक्षात थोडे कमीच मिळतात, कारण पडदा आणि चिपही थोडी ऊर्जा खातात व सेल जुना होत जातो. सिगारेटसारखे, म्हणजे आधी तोंडात घेऊन मग छातीत ओढणाऱ्याला १२ ते १५ वॅट आणि ०.८ ते १.२ ओहमची कॉइल पुरते. त्याला एक सेल सहसा दिवसभर जातो. थेट छातीत दाट वाफ ओढणाऱ्याला कमी रोधाची कॉइल आणि ४० वॅट किंवा अधिक लागतात, आणि दुपारीच दुसरा सेल काढावा लागतो. सिगारेट नुकतीच सोडणाऱ्याने पहिल्या पद्धतीपासूनच सुरुवात करावी, कारण ती ओळखीची वाटते.

सेल विकत घेताना माझी एकदा फसगत झाली. इंटरनेटवरच्या एका विक्रेत्याकडून ‘९९०० मिलिअँपिअर-तास’ असे ठळक छापलेले दोन सेल मी स्वस्तात घेतले. हातात घेताच ते हलके वाटले, म्हणून मोदकाची उकड मोजायला घेतलेला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. माझा जुना, खात्रीचा सेल ४५ ग्रॅम भरला. नवे दोन्ही ३५ च्या आतच. १८६५० आकारात आज बाजारात मिळणारे चांगले सेल ३६०० मिलिअँपिअर-तासांच्या फारसे पुढे जात नाहीत, आणि ज्यांतून व्हेपला लागणारा मोठा प्रवाह निघतो ते २५०० ते ३००० च्या घरातच असतात. ९९०० हा आकडा पाहताच मी थांबायला हवे होते. तेव्हापासून नवा सेल उपकरणात जाण्याआधी काट्यावर जातो. वजन बरोबर निघाले म्हणून सेल अस्सल ठरत नाही, परंतु वजन चुकले तर तो नक्कीच नको.

सेलवरचे प्लॅस्टिकचे वेष्टन हीदेखील शोभेची वस्तू नव्हे. सेलचे संपूर्ण धातूचे आवरण ऋण ध्रुव असते; ते वरच्या बाजूला धन टोकापासून अगदी थोड्या अंतरावर येते आणि त्या दोहोंमध्ये असते ती कागदी किंवा प्लॅस्टिकची चकती व हे वेष्टन. वेष्टन फाटले की उपकरणाच्या धातूच्या भिंतीला सेल टेकून शॉर्टसर्किट होऊ शकते. म्हणून उपकरण पारखताना सेल दहा वेळा आतबाहेर करून पाहावा. शेवटी काढलेल्या सेलच्या कडेवर, विशेषतः वरच्या काठावर, नखाने ओरखडल्यासारखी रेघ दिसली तर त्या उपकरणाची खोबण धारदार आहे आणि दोन महिन्यांत तिथे वेष्टन सुटणार, हे निश्चित समजावे. सेल बाहेर ओढायला आत रेशमी फीत असेल तर चांगले. फीत नसेल आणि सेल घट्ट बसत असेल तर माणूस चमच्याच्या टोकाने तो उचकटायला जातो आणि तिथेच वेष्टन जाते. सुटा सेल खिशात किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर कधीही ठेवू नये. त्यासाठीची प्लॅस्टिकची डबी पौंड-दोन पौंडांत मिळते.

झाकणाची परीक्षा कानाने घ्यावी. सेल घालून, झाकण लावून उपकरण कानाजवळ धरून हलवावे. चुंबकाने बसणारे झाकण खडखडत असेल तर ते खिशात सरकेल आणि सेलचा स्पर्श मधूनच तुटेल. आट्याचे झाकण असेल तर पहिल्या वळणातच आटे नीट पकडतात की तिरके चढतात, हे पाहावे. तळाशी किंवा बाजूला वायू बाहेर पडायला छिद्रे आहेत का, हे मात्र कानाने नव्हे, डोळ्यांनीच पाहायचे; सेल बिघडून आत वायू साचला तर त्याला वाट हवी. सेल उलटा घातला तरी उपकरण नुसते गप्प राहते की नाही, हे माहितीपत्रकात वाचून घ्यावे, स्वतः करून पाहू नये. चिपच नसलेली, सेलचा प्रवाह सरळ कॉइलला देणारी यांत्रिक उपकरणे रोजच्या वापरासाठी मी कोणालाही सुचवणार नाही.

चिपची एक परीक्षा मात्र फार कमी जण करतात, आणि माझ्या अनुभवात स्वस्त व चांगल्या उपकरणांतला फरक तीच सर्वांत स्पष्ट दाखवते. १ ओहमच्या कॉइलला १५ वॅट द्यायचे तर ३.८७ व्होल्ट लागतात. भरलेला सेल ते सहज देतो. पण अर्ध्यावर आलेला सेल ३.६ च्या आसपास असतो. चांगली चिप व्होल्ट वाढवून ती तूट भरून काढते, साधी चिप तसे करू शकत नाही, आणि पडद्यावर १५ हा आकडा तसाच राहूनही संध्याकाळपर्यंत वाफ कोमट व विरळ होत जाते. म्हणून सकाळी भरलेल्या सेलवर एक झुरका घ्यावा, सेल पावपट उरला असताना त्याच कॉइलवर, त्याच वॅटवर दुसरा घ्यावा, आणि घशाला जाणवणाऱ्या फरकावर विश्वास ठेवावा. संध्याकाळी नकळत जोरात व जास्त वेळा ओढले जात असेल, तर दोष तुमच्या निग्रहाचा नसून चिपचा असण्याची शक्यता आहे.

चार्जिंगबद्दल थोडक्यात. सेल बदलता येतो, तेव्हा वेगळा चार्जर घेणेच बरे. त्यात सेल डोळ्यांसमोर राहतो आणि उपकरणाचे चार्जिंगचे तोंड झिजत नाही. तरी उपकरणात थेट चार्जिंग करायचे असेल तर दोन्ही टोकांना सी प्रकारची पिन असलेल्या केबलने ते चार्ज होते का, हे दुकानातच पाहावे. काही उपकरणे तोंड सी प्रकारचे देऊनही एका टोकाला जुनी चपटी यूएसबी पिन असलेल्या केबलशिवाय चार्ज होत नाहीत. रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपू नये.

टाकीच्या, म्हणजे ज्या द्रावाची वाफ होते तो भरण्याच्या भांड्याच्या, बाबतीत ब्रिटनमध्ये निवडीला फारसा वाव नाही, कारण कायद्याने टाकी २ मिलिलिटरहून मोठी चालत नाही, निकोटिनच्या द्रावाची बाटली १० मिलिलिटरपर्यंतची आणि निकोटिन मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच. पाहायचे ते एवढेच की भरण्याचे छिद्र बाटलीच्या नळीला पुरते का आणि उपकरण रात्रभर आडवे ठेवले तर सकाळी खाली कागदावर डाग पडतो का. टाकीचा व्यास उपकरणाच्या माथ्यापेक्षा मोठा असेल तर ती कडेने बाहेर येते आणि खिशातून काढताना अडकते. दाट वाफेच्या पद्धतीत ही २ मिलिलिटरची टाकी दिवसातून अनेकदा भरावी लागते. १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलिलिटर द्रावावर २.२० पौंड कर लागू करण्याचे ब्रिटिश सरकारने जाहीर केलेले आहे, तेव्हा कमी वॅटचा हा आणखी एक फायदा धरावा.

बटणाचे महत्त्व मला हिवाळ्यात कळले. जाड कोटाच्या खिशात, गच्च भरलेल्या गाडीत उभा असताना शेजाऱ्याची पिशवी माझ्या खिशावर दाबली गेली आणि क्षणभरात मांडीला ऊब जाणवू लागली. दहा सेकंदांनी चिपने आपोआप प्रवाह तोडला, म्हणून कॉइलचा कापूस करपण्यावर भागले. बटण पाच वेळा दाबून बंद करण्याची सोय जवळपास सगळ्या उपकरणांत असते. ती वापरावी, आणि खरेदी करताना बटण बाहेर फुगलेले नसून भिंतीच्या पातळीत किंवा किंचित आत बसलेले आहे का, हे अंगठा फिरवून पाहावे. हातमोजा घालूनही ते दाबले गेले पाहिजे, ही त्याची दुसरी बाजू.

उपकरण बदलले किंवा सेल दमला तर तो घरच्या कचऱ्यात टाकू नये. व्हेप विकणाऱ्या दुकानांना जुने व्हेप परत घ्यावे लागतात. विमानप्रवासात उपकरण आणि सुटे सेल हातातल्या सामानातच न्यावे लागतात, आणि विमानात ते वापरता किंवा चार्ज करता येत नाहीत. भारतात जाताना मात्र हा प्रश्नच येऊ देऊ नये. तिथे आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गणपतीला घरी निघण्यापूर्वी टाकी रिकामी करून, सेल सुमारे ३.७ व्होल्टवर आणून बाहेर काढावा आणि डबीत घालून कोरड्या, थंड कपाटात ठेवावा. पूर्ण भरलेला सेल महिनाभर तसाच पडून राहिला तर लवकर म्हातारा होतो. मधल्या दिवसांसाठी निकोटिनचे च्युइंगगम तिकडे औषधांच्या दुकानात मिळते.