गाडीतली सिगारेट: कायदा कुठे थांबतो आणि आपण कुठे थांबावे

भारतात 2003 च्या तंबाखूविरोधी कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी केली असून एसटी, रिक्षा, टॅक्सी ही वाहनेही त्यात येतात. तेथे सिगारेट ओढणाऱ्याला, मग तो चालक असो वा प्रवासी, 200 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय प्रवासी वाहन चालवताना धूम्रपान करणाऱ्या चालकाचा परवाना निलंबित करण्याची तरतूद 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. स्वतःच्या खासगी मोटारीत मात्र ही बंदी लागू होत नाही. माझ्या मते ती तेथेही असावी, पण तोवर नियम आपणच घालून घ्यावा: इंजिन चालू असेल तोवर सिगारेट पेटवायची नाही.

धुरापेक्षा मोठा धोका हातांचा आणि नजरेचा आहे. पाकीट चाचपणे, सिगारेट ओठांत धरणे आणि लायटर पेटवणे याला तीन सेकंद लागतात असे धरले, तरी ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात 50 मीटर पुढे गेलेली असते. त्याहून वाईट म्हणजे निखारा पडणे. मी ओढत असे त्या काळात खंडाळ्याच्या घाटात उतरताना काचेतून आलेल्या वाऱ्याने पेटते टोक तुटून मांडी आणि सीट यांच्या फटीत गेले. पुढे ट्रक, डावीकडे कठडा, आणि मी एका हाताने पँट झटकत होतो. सीटच्या कव्हरला वाटाण्याएवढे भोक पडले, एवढ्यावरच निभावले.

सवय मोडण्यासाठी निघण्यापूर्वीच पाकीट आणि लायटर डिकीत ठेवावे. हा उपाय पोरकट वाटेल, पण खरा उपयोग याचाच होतो, कारण हात आपोआप जातो तो दाराच्या कप्प्याकडे आणि तेथे काहीच सापडत नाही. तलफ सहसा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरती तोंडात लवंग किंवा बडीशेप पुरते, मात्र तिची डबी उघडण्याचे काम शेजारच्याने करावे. लांबच्या प्रवासात थांबे आधी ठरवावेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर फूड मॉलला थांबून, इमारत आणि पेट्रोल पंप यांपासून दूर जाऊन ओढावी; कडेच्या पट्टीवर त्यासाठी गाडी लावणे हे चालवताना ओढण्याइतकेच धोक्याचे आहे. थोटूक पायाखाली पूर्ण विझवून कचऱ्याच्या डब्यात टाकावे, कारण धावत्या गाडीतून भिरकावलेले थोटूक मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाते आणि उन्हाळ्यात घाटातले वाळके गवत पेटवू शकते. सीएनजीची गाडी असेल आणि गॅसचा वास आला, तर सिगारेटच काय, काडीही पेटवू नये.

गाडीत मूल असेल तर वर सांगितलेला नियम थोडा आणखी कडक करावा लागतो: गाडी उभी असतानाही आत ओढू नये. काच खाली केल्याने सगळा धूर बाहेर जात नाही, आणि तो सीटच्या कापडात व छताच्या अस्तरात मुरतो. दुसऱ्या दिवशी दार उघडताच येणारा वास हा त्याचाच पुरावा. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2015 पासून 18 वर्षांखालील व्यक्ती सोबत असताना छत असलेल्या खासगी गाडीत धूम्रपान करणे गुन्हा आहे, भले सगळ्या काचा उघड्या असोत.

राहता राहिली भाड्याची गाडी. चालकाने सिगारेट काढली की आपण संकोचाने काच खाली करतो आणि गप्प बसतो. त्याऐवजी, त्याने ती पेटवण्याच्या आत, सरळ म्हणावे: "दादा, ओढायची असेल तर पुढच्या टपरीवर थांबू या, मलाही चहा घ्यायचा आहे." रागावून सांगितलेल्या कायद्यापेक्षा हे लवकर पटते, आणि त्या दहा मिनिटांत घाटात उतरणाऱ्या चालकाला विश्रांतीही मिळते.